पनीर बटर मसाल्यातून बाहेर कसं यायचं?

खाण्यापिण्याचं काहीही विचारा, जमेल तेवढं सांगते. यावेळी बरीच पत्रं बाहेर जेवायला जाण्याबद्दलच होती म्हणून त्यातली चार एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : ताई, मी लातूरची, दीड वर्षापूर्वी नोकरीसाठी मुंबईला आले, परळला पीजीत राहते. आम्ही चौघी मैत्रिणी दर शनिवारी बाहेर जेवायला जातो, दरवेळी नवीन हॉटेल शोधतो, रेटिंग बघतो, आणि शेवटी टेबलवर येतं काय तर पनीर बटर मसाला, बटर नान आणि मधोमध एक हक्का नूडल्स. मुंबईत खाण्याचं एवढं आहे म्हणतात ते नक्की कुठंय? दोघी व्हेज, दोघी नॉनव्हेज, माणशी पाचशेच्या वर जायचं नाही.

अगं, तुम्ही हॉटेलं बदलताय, ऑर्डर कुठे बदलताय! ज्या मेनूकार्डात पंजाबी, चायनीज, पावभाजी, पिझ्झा आणि वर मेक्सिकन असं सगळं चौदा पानांत कोंबलेलं असतं ना, तिथल्या किचनमधे सकाळीच दोन-तीन टोप ग्रेव्ही करून ठेवतात, लाल, पिवळी आणि काजूची पांढरी, आणि मग तुम्ही कढाई मागा, लबाबदार मागा नाहीतर टिक्का मसाला मागा, सगळी एकाच टोपातली सख्खी भावंडं. त्यात वाईट काही नाही, मीही खाते, पण त्यासाठी दर शनिवारी नवीन पत्ता शोधायची गरज नाही.

माझं ऐक, ज्याचा मेनू छोटा ते हॉटेल आधी. आणि तू परळला राहतेस म्हणजे तुला तर लांब जायलाच नको, दोन स्टेशनं पुढे माटुंगा. स्टेशनबाहेर पूर्वेला रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, 1942 पासूनचं, तिथे केळीच्या पानावरचं जेवण घ्यायचं. आधी गल्ल्यावर पैसे भरून कूपन, मग नंबर लागला की चार अनोळखी माणसांच्या टेबलवर जिथे जागा तिथे बसायचं, पानावर पाणी शिंपडायचं, आणि मग वाढपी येत राहतात, भाजी, पापड, भात, सांबार, रसम, नको म्हणेपर्यंत. त्याच भागात राम आश्रय, 1939 चं, पहाटे पाचला उघडतं, अननसाचा शिरा आणि फिल्टर कॉफी. किंग्ज सर्कलचं कॅफे मद्रास 1940 चं, तिथे नाचणीचा डोसा नाहीतर रसम वडा मागव, पण रविवारी सकाळी दहाला गेलात तर फुटपाथवर उभं राहायची तयारी ठेवा. चौघींचं बिल बघून तुम्हालाच वाटेल की काहीतरी लावायचं राहिलं.

मराठी खायचं असेल तर दादरला उतरा. प्रकाशचा साबुदाणा वडा आणि पियूष, दोन्ही एकदम घेऊन मग जेवणाचा विचार करू नका, झोप येते. आस्वादची मिसळ 2015 साली लंडनच्या फूडी हब अवॉर्डमधे जगातली सगळ्यात चविष्ट व्हेज डिश ठरली होती, तेव्हा आम्ही दादरकर जरा फुशारलो, पण लंडनने सांगायच्या आधीपासून आम्ही तिथे रांग लावतच होतो.

आता तुमच्या त्या दोघी नॉनव्हेजवाल्या. त्यांना सकाळी मेट्रो सिनेमासमोर क्यानीमधे ने, 1904 पासूनचं इराणी हॉटेल, त्या खिमा पाव नाहीतर अकुरी, म्हणजे पारशी पद्धतीची अंडा भुर्जी, घेतील, तुम्ही बन मस्का, भांडण नाही. बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया 1923 चं, तिथला बेरी पुलाव खाल्लाच पाहिजे, भातावर आंबट-गोड लाल बेरी असतात, पण ते दुपारचं ठिकाण आहे आणि तुमच्या पाचशेत बसेल असं वाटत नाही, तेव्हा पगार झाला की जा.

मासे खायला मालवणी खानावळीत गेलात तर मेनू उघडायच्या आधी एवढंच विचारायचं, "आज ताजं काय आलंय?" मी स्वतः हे एकदा विचारलं नाही. दिल्लीहून पाहुणे आले होते, जुलै महिना, पाऊस धो धो, आणि मी शहाणी, त्यांना पापलेट खाऊ घालायचंच म्हणून हट्ट. वेटर बिचारा दोनदा म्हणाला मॅडम कोळंबी घ्या, कोळंबी घ्या. जून-जुलैत आपल्या किनाऱ्यावर ट्रॉलरची मासेमारी बंद असते हे मला काय माहीत नव्हतं का, पण पाहुण्यांसमोर माघार कोण घेणार! आलं ते फ्रिजरमधलं, कापसासारखं, वर भाव दीडपट. पाहुणे म्हणाले व्हेरी नाइस. तेव्हापासून पावसाळ्यात मी गपगुमान सुकटीची चटणी, भाकरी आणि सोलकढी सांगते.

प्रश्न : मी ठाण्याला राहतो. मागच्या महिन्यात ऑफिसच्या ग्रुपबरोबर एका पॉश ठिकाणी गेलो होतो, बिलात 10 टक्के सर्व्हिस चार्ज लावलेला. काढा म्हटलं तर मॅनेजर म्हणाला आमची पॉलिसी आहे, मेनूवर लिहिलंय. सगळे बघत होते म्हणून भरला. द्यावाच लागतो का हो?

नाही. सर्व्हिस चार्ज हा टॅक्स नाही, ती टीप आहे, फक्त छापलेली. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 ला स्पष्ट सांगितलंय की हॉटेलने तो आपोआप बिलात लावायचा नाही, आणि दुसऱ्या कुठल्या नावाने पण घ्यायचा नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना याविरुद्ध कोर्टात गेल्या होत्या, दिल्ली हायकोर्टाने 28 मार्च 2025 ला त्यांचं म्हणणं फेटाळलं. मेनूवर लिहिलं म्हणून ते कायदेशीर होत नाही.

भरायचा तो जीएसटी, साध्या रेस्टॉरंटला 5 टक्के, बिलावर अडीच-अडीच असा दोन ओळींत दिसतो. मोठ्या पंचतारांकित हॉटेलातल्या रेस्टॉरंटमधे 18 असू शकतो. आणि छोट्या हॉटेलच्या बिलावर कॉम्पोझिशन (छोट्या धंद्यांसाठीची जीएसटीची सोपी योजना) असं काही छापलेलं असेल तर त्यांना जीएसटी वेगळा लावताच येत नाही, हे बघत जा, बरेच जण बघत नाहीत.

करायचं काय, तर कार्ड द्यायच्या आधी उठून काउंटरवर जायचं, टेबलवर बसून वाद घालायचा नाही, तिथे ग्रुपला लाज वाटते आणि मॅनेजरला ते बरोबर कळतं. शांतपणे सांगायचं हे काढून नवीन बिल द्या. नाहीच ऐकलं तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन, नंबर तिथेच उभं राहून फिरवलात तर बऱ्याचदा तेवढ्यावर काम होतं. आणि मग ज्या पोराने तासभर तुमचे ग्लास भरले त्याच्या हातात शंभर-दोनशे द्या की.

प्रश्न : मी पुण्यात आयटीत आहे. बाबा सांगलीहून आले की त्यांना चांगल्या ठिकाणी न्यावंसं वाटतं पण ते मेनू उजव्या बाजूने वाचतात. 380 रुपयाची भाजी बघितली की "एवढ्यात घरी आठवडा जातो" सुरू, आणि मग फक्त ताक पितात. काय करू?

माझे वडीलही असेच होते, ते तर वेटरलाही सांगायचे की मेथी बाजारात काय भावाने आहे. एक तर त्यांना मेनूच देऊ नका, थाळीच्या ठिकाणी न्या. टिळक रोडला दुर्वांकुर आहे, तिथे भाव एकदाच कळतो आणि पुढे वाढपी आग्रह करत राहतो, मग हिशोब उलटा फिरतो, बाबा आता पैसे वसूल करण्याच्या मागे लागतात, तिसरी वाटी आमटी स्वतःहून मागतील बघा.

दुसरं, रात्रीचा नाद सोडा आणि सकाळी न्या. डेक्कनचं गुडलक 1935 चं आहे, बन मस्का, ऑम्लेट, चहा. नाहीतर फर्ग्युसन रोडला वैशाली, पण शनिवार-रविवार नको, गर्दीत डोक्यावर माणसं उभी असली की बाबा घाईघाईत खाणार आणि घरी येऊन म्हणणार काही खास नाही.

आणि हो, तिथलं बिल त्यांना भरू द्या. तुम्ही झडप घालून क्यूआर स्कॅन करू नका. शर्टाच्या आतल्या खिशातून ती दोन घड्या घातलेली पाचशेची नोट निघते ना, ती निघू द्या.

प्रश्न : एकट्याने हॉटेलात जाऊन जेवायला फार ऑकवर्ड होतं. सगळे आपल्याकडेच बघतायत असं वाटतं. काही उपाय?

परत माटुंगा! वर सांगितलं तिथेच, पानावर जेवायला. शेअरिंगचं टेबल असल्यामुळे कोण एकटं आलंय हे कळतच नाही, आणि मोबाइल तर काढूच नका, पानाला कड नसते, सांबार पडलं की सरळ तुमच्या मांडीच्या दिशेने निघतं, आधी भाताचा बांध घालावा लागतो.