अंगातली ऊब आणि वजनाचा काटा

प्रश्न : डॉक्टर, माझं वय 36, उंची 158 सेंमी, वजन 91 किलो. रक्तदाबाची गोळी दोन वर्षांपासून चालू आहे. शरीरात ‘तपकिरी चरबी’ असते, ती जागी केली की साठलेली चरबी जळते, असं वाचलं. म्हणून दीड महिना रोज पहाटे बर्फाच्या पाण्याने अंघोळ करते आहे. काटा 90.6 वर आलाय. मैत्रीण म्हणते, मूत्राशयाच्या त्रासावरची एक गोळी ही चरबी जागी करते आणि ऑनलाइन एक पिवळी पूडही मिळते. यातलं काही घेऊ का? दुसऱ्याची तपकिरी चरबी आपल्याला बसवून घेता येते का? – एक वाचक

उत्तर : ताई, आधी पिवळ्या पुडीचं. ती घेऊ नका, आजच मैत्रिणीलाही सांगा. वजन उतरवायला म्हणून विकली जाणारी पिवळी पूड बहुधा डायनायट्रोफिनॉल असते. 1933 च्या सुमारास अमेरिकेत ती वजनासाठी सर्रास दिली जायची. वजन उतरायचं, ते खरं. पण तरुण बायकांना मोतीबिंदू झाले, काही जण अंगातल्या तापानेच दगावले आणि 1938 मध्ये तिथे तिच्यावर बंदी आली. विषबाधा झाली तर तिच्यावर उतारा नाही. ताप वाढत जातो आणि डॉक्टर बाहेरून अंग गार करत राहतात.

हे एवढं सविस्तर सांगते, कारण ही पूड आणि तपकिरी चरबी यांचं काम मुळात एकच आहे. गाडी न्यूट्रलवर ठेवून ॲक्सिलरेटर दाबला तर इंजिन तापतं, पेट्रोल जळतं, गाडी जागची हलत नाही. तपकिरी चरबीच्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ऊर्जा बनवणारी पेशीतली इवलीशी इंजिनं, खच्चून भरलेली असतात. त्यांच्यातल्या लोहामुळेच तिला तो रंग येतो. त्यांच्या आतल्या पडद्यात यूसीपी-1 नावाचं प्रथिन असतं. ते इंजिन न्यूट्रलवर टाकतं : साखर आणि चरबी जळते, पण पेशीच्या कामाची ऊर्जा साठण्याऐवजी सगळी ऊब बनून बाहेर पडते. फरक एवढाच, की हे प्रथिन फक्त त्या पेशींत असतं आणि गारठा लागल्यावर मज्जातंतूंचा हुकूम आला की चालू होतं, गरज सरली की थांबतं. पूड मात्र हृदय, मेंदू, यकृत, सगळीकडे एकदम तेच करते आणि थांबत नाही.

ही चरबी तान्ह्या बाळाच्या पाठीत, खांद्यांच्या फऱ्यांमध्ये भरपूर असते. बाळाला कुडकुडता येत नाही, ते तिच्यावर तगतं. मोठेपणी ती उरत नाही, असंच आम्ही शिकलो होतो. शरीरात साखर कुठे जास्त खेचली जाते ते दाखवणाऱ्या ‘पेट’ (PET) स्कॅनच्या विभागात मी नवखी होते, तेव्हाची एक फिल्म अजून डोळ्यांपुढे आहे. किरणोत्सर्गी साखर टोचलेली एक सडपातळ मुलगी, आणि गळपट्टीच्या हाडांवर दोन्ही बाजूंना काळेभोर डाग, आरशात पाहावं तसे जोडीने. मला कॅन्सरच्या गाठी वाटल्या, हातपाय गळाले. आमचे सर म्हणाले, ‘‘अगं, पातळ गाऊनमध्ये एसीखाली तासभर पडून होती ती. पांघरूण घाल, पुन्हा बोलाव.’’ दुसऱ्या दिवशी दोन ब्लँकेटं घालून फोटो काढला. डाग गायब. आम्ही त्याला स्कॅनमधली अडचण समजत होतो. 2009 मध्ये एकाच नियतकालिकात तीन शोधनिबंध आले आणि तीच तपकिरी चरबी असल्याचं पक्कं झालं.

त्यातला एक निबंध तुमच्या कामाचा. नेदरलँड्समध्ये 24 निरोगी पुरुषांना 16 अंशांत बसवलं, 23 जणांत ही चरबी पेटली. पण जाड पुरुषांत ती सडपातळांपेक्षा कमी पेटली. ज्यांना तिची गरज जास्त, त्यांच्याकडेच ती मंद, हे मला आजही सलतं.

मूत्राशयाची गोळी म्हणजे मिराबेग्रॉन. नेहमीच्या डोसच्या चौपट, 200 मिलिग्राम, 12 तरुणांना एकदा दिली तेव्हा दिवसाला साधारण 200 कॅलरी जास्त खर्च होतील इतका वेग दिसला. सोबत नाडीचे ठोकेही वाढले. 2020 मध्ये 14 निरोगी स्त्रियांनी 4 आठवडे रोज 100 मिलिग्राम घेतली : तपकिरी चरबी वाढली, इन्सुलिन जास्त चांगलं काम करू लागलं, वजन होतं तिथेच राहिलं. ही गोळी रक्तदाब वाढवू शकते. तुम्ही ती वजनासाठी घेऊ नका.

बर्फाच्या अंघोळीचंही तसंच. अभ्यासांतली थंडी साधारण 14-17 अंशांची, हवेची, रोज काही तास अशी होती. अंगावर बर्फाचं पाणी पडलं की रक्तवाहिन्या आकसतात, दाब एकदम चढतो. तुमच्या गोळीचं काम तुम्हीच रोज पहाटे पुसताय. शिवाय गारठ्याने भूक वाढते, जळलेलं ताटातून परत येतं. उद्यापासून कोमट पाणी घ्या. ते 400 ग्रॅम तर पाण्याच्या चढउतारातही येतात-जातात.

बसवून घेण्याचं विचारलंत. उंदरांत हे करून पाहिलंय, त्यांची साखर सुधारली. माणसांसाठी असा उपचार आज नाही. कुणी देतो म्हणाला तर उठून या.

तरी या चरबीवरचा माझा विश्वास उडालेला नाही. नेदरलँड्समध्येच मधुमेहाचे 8 रुग्ण 10 दिवस रोज काही तास थंड खोलीत बसले आणि त्यांची इन्सुलिनला मिळणारी साथ 43 टक्क्यांनी वाढली. वजन नव्हे, साखर. मला वाटतं तिचं खरं देणं तिथे आहे, आणि त्यावरचं सुरक्षित औषध यावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, 36 च्या वर आहे, सोबत रक्तदाब. म्हणजे तुम्ही आज उपचाराच्या हक्कदार आहात, तपकिरी चरबीवरच्या औषधासाठी थांबायची गरज नाही. भुकेवर काम करणाऱ्या सेमाग्लुटाइडने 68 आठवड्यांत, आहार-व्यायाम सांभाळून, सरासरी 15 टक्के वजन उतरलं होतं. शस्त्रक्रियेचाही विचार होऊ शकतो. तुम्हाला काय झेपेल ते तपासूनच ठरेल. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घरी बीपी मोजून लिहून ठेवा आणि ती वही घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा. पहाटेच्या अंघोळीचंही त्यांना सांगा, लपवू नका.