संगणक शंका-समाधान : रोज मागे जाणारी तारीख, दुपारी बंद पडणारा कॉम्प्युटर आणि खाते क्रमांकातलं शून्य

प्रश्न : नवी पेठेत आमचं कापडाचं दुकान आहे. रोज सकाळी कॉम्प्युटर लावला की काळ्या पडद्यावर ‘सीमॉस डेट/टाइम नॉट सेट’ आणि खाली एफ१ किंवा एफ२ दाबा असं येतं. एफ२ दाबलं की विंडोज सुरू होतं, पण तारीख कित्येक वर्षं मागची असते आणि बँकेची साइट उघडत नाही. दुपारी बंद करून पुन्हा लावला तर मात्र सगळं ठीक. विंडोज नव्याने टाकावं लागेल का?

उत्तर : अजिबात नाही. हा निरोप विंडोजचा नाहीच, मदरबोर्डवरच्या बायोसचा, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामचा आहे; त्या वेळी विंडोज सुरूही झालेलं नसतं. पडद्यावर काहीही आलं की आधी बोलतंय कोण ते बघावं, निम्मा खर्च तिथेच वाचतो.

तुमच्या मदरबोर्डवरचा सेल संपलाय. प्लग चालू असेपर्यंत बोर्डाला थोडी वीज मिळत राहते आणि घड्याळ त्यावर चालतं, म्हणून दुपारी त्रास नाही. रात्री दुकान बंद करताना तुम्ही मेन स्विच पाडत असणार. मग घड्याळाचा भार एकट्या सेलवर येतो. बँकेची साइट अडते ती तारखेमुळेच. साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राला ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते आणि तुमच्या कॉम्प्युटरच्या हिशेबाने ती मुदत अजून सुरूच झालेली नसते.

दुकानात ‘सीआर२०३२’ असाच नंबर सांगून सेल घ्या. २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. ‘२०२५’ दिसायला तसाच, पण पातळ असतो. तो खाचेत ढिला बसतो आणि तक्रार परत येते. प्लग काढा, कॅबिनेटची बाजूची पत्री उघडा, सेलशेजारची बारीक क्लिप नखाने बाहेर ढकला, सेल आपोआप वर येईल. नवा बसवताना अधिक चिन्हाची, नंबर छापलेली बाजू वर. सुरू करून एफ१ दाबा आणि तारीख-वेळ लावा. इथे बहुतेक ठिकाणी महिना आधी आणि दिवस नंतर असतो, नाहीतर ५ जूनचं ६ मे होईल. एफ१०ने सेव्ह करा. बाकी कशाला हात लावू नका. रोज एफ२ने मूळ सेटिंग लागूनही विंडोज नीट सुरू होतंय, म्हणजे तुमच्या मशीनला मूळ सेटिंगच चालतं. मागच्या काही दिवसांत निघालेली बिलं मात्र तपासा, चुकीची तारीख जीएसटीच्या विवरणात निस्तरावी लागते.

प्रश्न : पेनड्राइव्हवरून विंडोज टाकताना ‘प्रेस एनी की’ आलं, एक की दाबली. फायली कॉपी झाल्या, मशीन रीस्टार्ट झालं आणि पुन्हा तेच! परत दाबली, तर सगळं पहिल्यापासून सुरू. (जुळे सोलापूर)

उत्तर : दुसऱ्यांदा काही दाबायचं नाही. पाच-सात सेकंद हात बाजूला ठेवा, पुढचं काम हार्ड डिस्कवरून आपोआप सुरू होईल. निरोपाचा खरा अर्थ ‘पेनड्राइव्हवरून सुरू करायचं असेल तरच की दाबा’ असा असतो; तो ‘तरच’ कोणी छापत नाही.

प्रश्न : पूर्व भागात आमचे यंत्रमाग आहेत. शेडलगतच्या केबिनमधला कॉम्प्युटर दुपारी कसलाही निरोप न देता फटकन बंद पडतो. लगेच लावला तर दोन मिनिटांत पुन्हा बंद. दोनदा फॉरमॅट मारून झालं.

उत्तर : तिसऱ्यांदा मारू नका. लगेच लावल्यावर आणखी लवकर बंद पडतो, यावरून प्रोसेसर तापतोय हे जवळजवळ नक्की. तो ठरावीक तापमानापुढे गेला की स्वतःला वाचवण्यासाठी वीज तोडतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बाहेरची हवाच चाळिशीपार, त्यात मागाचे सुताचे तंतू.

वरून पंखा स्वच्छ दिसतो, आणि तिथेच फसगत होते. पंख्याचे स्क्रू काढून तो उचला. खाली ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर तंतूंचा राखाडी थर गादीसारखा दाबून बसलेला असतो. पंखा फिरतो, पण हवा खाली जातच नाही. प्लग काढून कॅबिनेट उघड्यावर न्या, थर चिमट्याने सोलून काढा, उरलेलं ब्लोअरने उडवा. ब्लोअर मारताना पाती बोटाने धरून ठेवा. ती भन्नाट फिरली की बेअरिंग खराब होतं. पट्ट्यांचा ठोकळाही काढलात तर प्रोसेसरची उष्णता ठोकळ्याकडे नेणारी जुनी, वाळलेली थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावा, ज्वारीच्या दोन दाण्यांएवढी. जास्त लावली तर बाजूने ओघळते. पॉवर सप्लायचा डबा बाहेरूनच फुंका, उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये वीज शिल्लक असते.

कॅबिनेट जमिनीवरून फूट-दीड फूट वर ठेवा आणि महिन्याला एकदा साफ करा. चालू मशीनवर चादर टाकण्याची पद्धत बंद. सोलापुरी असली तरी!

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात मी पगारपत्रक करते. एक्सेलमध्ये १६ आकडी खाते क्रमांक टाकला की शेवटचा आकडा शून्य होतो. बँकेने यादी परत पाठवली.

उत्तर : एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले १५ आकडेच जपतं, पुढच्यांचं शून्य करतं. क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यंही गाळतं. एकदा गेलेला आकडा फॉरमॅट बदलून परत येत नाही, त्यामुळे बिघडलेले क्रमांक पासबुकावरून पुन्हा टाकावे लागतील. त्याआधी पूर्ण रकाना निवडा, कंट्रोल आणि १ दाबा, ‘टेक्स्ट’ निवडून ओके करा, मगच टाइप करा.

आता प्रत्येक घराच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण येईल आणि त्यावर क्लिक केलं की ‘कन्व्हर्ट टु नंबर’ असा सल्ला मिळेल. तो ऐकलात की शून्य परत हजर. ‘इग्नोर एरर’ निवडा.

बँकेला सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साध्या मजकुराची) फाइल देत असाल तर ती तपासायला डबल-क्लिक करून उघडू नका. उघडतानाच एक्सेल पुन्हा संख्या करतं आणि सेव्ह केलं की बिघडलेलीच फाइल जाते. ती नोटपॅडमध्ये बघा. पाठवण्यापूर्वी मूळ पत्रकात शेजारच्या रकान्यात ‘लेन’ हे सूत्र लावलं की क्रमांक किती आकडी आहे ते दिसतं. १६च्या जागी १५ दिसलं, तर कुठेतरी सुरुवातीचं शून्य गळालंय. शेवटचा आकडा बदललेला मात्र त्यातून कळत नाही, तो पासबुकाशीच ताडून बघावा लागतो.