दुधाच्या दह्याशिवाय कढी-फुनके, कळण्याची भाकरी आणि बी-१२ जीवनसत्त्व

दूध, दही, तूप बंद केलेल्या किंवा बंद करू पाहणाऱ्या घरांतून आलेली चार पत्रं या वेळी घेतली आहेत.

शेंगदाण्याच्या दह्याची कढी केली, ती फाटली. त्यात सोडायचे फुनकेही (वाफवलेले डाळीचे मुटके) दगडासारखे झाले. कुठं चुकलं? (वाचक, अमळनेर)

दही बहुतेक जास्त आंबलेलं असणार, आणि बेसन कमी पडलं असणार. गाई-म्हशीच्या दह्याची कढीसुद्धा बेसन लावल्याशिवाय फाटतेच. शेंगदाण्याच्या दह्याला ते थोडं जास्त लागतं: २ वाट्या दह्याला ३ मोठे चमचे. बेसन आणि हळद दह्यात घोटून गाठी मोडा, मग ३ वाट्या पाणी घाला. आच मंद ठेवा आणि पहिली उकळी येईपर्यंत पळी हलवणं सोडू नका. मीठ उकळीनंतर. पुढं ८-१० मिनिटं शिजू द्या, नाहीतर बेसनाचा कच्चा वास राहतो.

आता दह्याकडं वळू. १ वाटी शेंगदाणे रात्रभर भिजवा आणि सालं चोळून काढा. सालं राहिली की दही तुरट लागतं. ३ वाट्या पाण्यात गंधासारखं वाटा, फडक्यातून गाळा आणि १० मिनिटं ढवळत उकळा. हे दूध तळाला फार लवकर लागतं. बोटाला सोसवेल इतकं कोमट झालं की हिरव्या मिरचीचे ८-१० देठ धुऊन टाका. पहिली लावणी पातळ येते, तिला उग्र वास असतो. ती खायची नाही, तिचा १ चमचा दुसऱ्या लावणीला विरजण म्हणून वापरायचा. गुलाबी-नारिंगी डाग दिसले किंवा कुजका वास आला तर सगळंच टाकून द्या.

आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात हे ४-५ तासांत लागतं. रात्री लावून सकाळी बघाल तर पाणी सुटलेलं, आंबटढाण. उन्हाळ्यात सकाळी लावा आणि लागलं की लगेच फ्रिजमध्ये ठेवा. थंडीत १०-१२ तास लागतात, भांडं चादरीत गुंडाळून ठेवा.

फुनक्यांसाठी १ वाटी तूरडाळ आणि अर्धी वाटी हरभराडाळ ४ तास भिजवून पूर्ण निथळा. वाटताना पाण्याचा थेंब नको. वाटण भरडच हवं, अख्खी अर्धी डाळ मधूनमधून दिसली पाहिजे. बारीक वाटलं की मुटका घट्ट होतो, आत वाफ शिरत नाही. तुमचे दगड तिथंच झाले. लसूण, मिरची, जिरं, मीठ, कोथिंबीर घालून मुटके वळा आणि १५ मिनिटं वाफवा. कढीत शेवटची ५ मिनिटं सोडा. फुनके कढी पितात, म्हणून ती पातळच ठेवायची.

दूध नाही, अंडी नाहीत, मग प्रथिनं कुठून? (वाचक, शिरपूर)

कळण्याच्या भाकरीतून. ४ भाग ज्वारी, १ भाग सालासकट उडीद, चवीपुरतं मीठ, सगळं एकत्र दळून आणा. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिनं असतात, उडदात सुमारे २४. शिवाय लायसिन आणि मेथिओनिन हे प्रथिनांचे दोन घटक बघा: ज्वारीत लायसिन कमी, ते उडदात भरपूर. उडदात मेथिओनिन कमी, ते ज्वारी भरून काढते. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि वाटीभर घट्ट वरण घ्या.

भाकरीच्या कडा फाटत असतील तर पीठ जुनं आहे किंवा पाणी गार आहे. गरम पाण्यानं, एका वेळी एकाच भाकरीचं पीठ मळा. दळण दोन-तीन आठवड्यांपुरतंच करा.

भाजी फार न धुता खाल्ली तर बी-१२ मिळतं म्हणतात. खरं का? (वाचक, यावल)

नाही, आणि कृपा करून तसं करू नका. मातीतून बी-१२ भरवशानं मिळत नाही, जंत मात्र मिळतात. स्पिरुलिनावरही (एक प्रकारचं शेवाळ) विसंबू नका; त्यातलं बहुतेक बी-१२ शरीराच्या कामाचं नसतं.

यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळं सुरुवातीला काहीच जाणवत नाही आणि माणूस निर्धास्त राहतो. त्यातच डाळी आणि पालेभाज्यांतून फोलेट (बी-९ जीवनसत्त्व) भरपूर मिळतं, म्हणून रक्ताच्या तपासणीत रक्तक्षय (ॲनिमिया) दिसायला उशीर होतो. तोवर नसांचं नुकसान चालू असतं. हातापायांना मुंग्या, जीभ सोलल्यासारखी होणं, विसरभोळेपणा ही लक्षणं थकव्यावर ढकलू नका.

दूध-अंडी न घेणाऱ्या प्रौढांनी रोज किमान १० मायक्रोग्रॅम किंवा आठवड्यातून एकदा २००० मायक्रोग्रॅमची गोळी घ्यावी. कमतरता आधीच असेल, गरोदरपण असेल किंवा घरात लहान मूल असेल तर मात्रा डॉक्टरच ठरवतील. ही गोळी टाळायची नाही.

तुपाशिवाय बट्टी घशाखाली उतरेल का? (वाचक, धुळे)

उतरेल. मोहन तेलाचंच घाला. बट्टी गरम असताना कुस्करा, वर घाण्याचं शेंगदाणा तेल कडकडीत करून लसूण-जिऱ्याची फोडणी ओता आणि वरण नेहमीपेक्षा पातळ ठेवा. गार झाल्यावर कुस्कराल तर तेल आत जिरत नाही, बट्टी कोरडीच लागते.