जाहिरात पाहून गांजा सुटतो?

प्रश्न : किशोरवयीन मुलांसाठीच्या सरकारी अमली पदार्थविरोधी जाहिरातींचा खरंच उपयोग होतो का?

उत्तर : अमेरिकेचा अनुभव फारसा आशादायक नाही. १९९८ ते २००४ या काळात तिथल्या संसदेने अशा मोहिमेला १.२ अब्ज डॉलरहून अधिक निधी दिला. जाहिराती पोहोचल्या नाहीत म्हणावं, तर मुलांना आठवड्याला दोन-तीन पाहिल्याचं आठवत होतं! पण त्याच मुलांच्या चार फेऱ्यांत मुलाखती घेतल्या, तेव्हा गांजा कमी झाल्याचं दिसलं नाही. उलट जास्त जाहिराती पाहणाऱ्यांना वाटू लागलं, ‘एवढं बजावतायत म्हणजे बरेच जण ओढत असणार.’ घोडं पेंड खातं ते इथेच. आपल्याकडे निदान १४४४६ ही व्यसनमुक्ती हेल्पलाइन तरी ठळक छापावी. कोपऱ्यातली मुंगीएवढी अक्षरं कोण वाचणार?