एवढं नाव कमावूनही बीटीएस या कोरियन पॉप बँडच्या मुलांना सैन्यात का जावं लागलं? कोरियन सरकारनं सूट का दिली नाही?

दक्षिण कोरियात पोरांना सैन्यात जाणं सक्तीचं, आणि सूट देणाऱ्या कायद्यात पॉप गाणाऱ्यांना जागाच नाही, म्हणून. सूट १९७३ पासून आहे, पण ती ऑलिंपिकचं कुठलंही पदक, एशियन गेम्सचं सुवर्ण किंवा शास्त्रीय संगीताच्या ठरावीक स्पर्धा जिंकणाऱ्यांना. फुटबॉलवाला सोन ह्युंग-मिन २०१८ चं एशियन गेम्सचं सुवर्ण घेऊन आला आणि तीन आठवड्यांचं प्रशिक्षण अन् ५४४ तासांची समाजसेवा यांवर सुटला. पियानोवाल्याला सूट, बिलबोर्डवर, म्हणजे अमेरिकेतल्या गाण्यांच्या यादीत, पहिला नंबर आणणाऱ्याला नाही. २०२० मध्ये कायदा बदलला, तोही फक्त तिशीपर्यंत भरती पुढं ढकलता यावी एवढाच.

आता माझं ऐका. बीटीएसमधल्या जिनला ४ डिसेंबर २०२२ ला तीस पूर्ण झाली आणि ११ तारखेला त्यानं वीव्हर्स या चाहत्यांच्या ॲपवर केस कापलेला फोटो टाकला. मी तेव्हा माहेरी, कोरेगाव तालुक्यात, भाच्याच्या साखरपुड्याला. पहिली पंगत बसलेली, माझ्या हातात मठ्ठ्याची बादली, आणि लेकीनं फोन पुढं केला. बादली खाली ठेवून मांडवामागं जाऊन रडले मी. वय वर्षं सेहेचाळीस.

दादा धावत आला. "कोण गेलं गं?"

म्हटलं, "जिन चाललाय सैन्यात."

"जिन कोण? आपल्यातला?"

फोटो दाखवला, आणि चुकून जुनाही दाखवला, गुलाबी केसांचा. दादा सुभेदार म्हणून रिटायर झालेला, मराठा लाइट इन्फंट्रीतून. तो इतका हसला की आचारी झारा हातात घेऊन बघायला आला. "लाली लावणारी पोरं ती! बंदूक कुठल्या बाजूनं धरायची ते तरी ठाऊक आहे का? पंगत सोडून रडतीस कशापायी?" मग जेवताना व्याह्यांपुढं तेच, हात धुताना पुन्हा तेच. त्या दिवसापासून घरात माझं नाव 'कोरियाची आत्या'.

अठरा महिने मी गप्प. जिन येओनचॉनला होता, उत्तर कोरियाच्या सीमेपासून फार लांब नाही, आणि तिथं नव्या भरतीच्या पोरांना कवायत शिकवणारा मदतनीस झाला होता. १२ जून २०२४ ला सुटला. बँडमधल्याच आरएमनं गणवेशातच सॅक्सोफोन वाजवून त्याचं स्वागत केलं, दुसऱ्या दिवशी जिननं हजार चाहत्यांना मिठ्या मारल्या. मी दादाला फोन लावला आणि काम काय करत होता तेवढंच सांगितलं.

पलीकडून बराच वेळ काही नाही. मग, "म्हणजे उस्ताद?" आपल्या सैन्यात शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात.

"हो. उस्तादच म्हण."

"अठरा महिन्यांत कसला उस्ताद," म्हणाला आणि फोन वहिनीकडं दिला.

तर सूट का नाही? तिथं सगळ्यांची पोरं जातात, म्हणून. पैसेवाल्याचं किंवा नाववाल्याचं पोर निसटलं की लोक पिढ्यान्‌पिढ्या विसरत नाहीत. यू सुंग-जुन नावाचा मोठा गायक होता, त्यानं २००२ मध्ये भरतीच्या तोंडावर अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं, त्याला कोरियात प्रवेशबंदी झाली. त्यात जन्मदर घसरलाय, पोरं कमी पडतात. नियम अन्यायाचा आहे, तरी सूट मिळाली नाही ते बरंच झालं असं माझं मत. मिळाली असती तर दादासारख्यांनी जन्मभर ऐकवलं असतं. शेवटी तसं झालंच नाही: बीटीएसची बुसानची फुकट मैफल २०२२ च्या १५ ऑक्टोबरला झाली आणि दोनच दिवसांत जाहीर झालं की जिन भरती पुढं ढकलण्याचा अर्ज मागं घेतोय. बाकीचेही पाठोपाठ गेले, जून २०२५ पर्यंत सातही परत आले.

एक सांगायचं राहिलं. सगळ्यांनी बंदूक धरली असं नाही, बँडमधल्या शुगाच्या खांद्याची शस्त्रक्रिया झालेली, त्यामुळं त्याला समाजसेवेचं काम होतं. हे मी दादाला सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका. आणि तिथं सक्ती आहे, आपल्याकडं नाही, त्यामुळं तुलना पुरती बरोबर नाही, हेही कबूल.

पण ज्या साखरपुड्यात दादा हसत होता ना, त्यातला नवरदेव त्याचाच मुलगा. हिंजवडीत आयटीत आहे. बारावीनंतर एनडीएचा फॉर्म भरायचा म्हणत होता, तो फाडला कुणी, हे एकदा दादाला विचारा.