गॅरी कास्पारोव्ह बुद्धिबळ सोडून पुतिनच्या विरोधात का गेला? खेळाडूला लोकशाहीतलं काय कळतं?

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेतो. लोकशाहीतलं कास्पारोव्हला जे कळलं, ते बुद्धिबळामुळेच कळलं असं माझं मत आहे. गेली कित्येक वर्षं तो एकच मुद्दा मांडतोय: बुद्धिबळात नियम पक्के असतात आणि निकाल कुणालाच माहीत नसतो, पुतिनच्या रशियात निवडणुकीचा निकाल पक्का असतो आणि नियम त्याप्रमाणे बदलतात.

हे त्याने पटावरच भोगलं होतं. सप्टेंबर १९८४ मध्ये मॉस्कोत तेव्हाचा जगज्जेता कार्पोव्ह याच्याविरुद्ध त्याची जगज्जेतेपदाची लढत सुरू झाली. आधी सहा डाव जिंकेल तो विजेता, बरोबरी मोजायची नाही. कार्पोव्ह ५-० ने पुढे गेला. एकवीस वर्षांचा कास्पारोव्ह एकामागून एक डाव बरोबरीत सोडवत टिकून राहिला, एक जिंकला, मग ४७वा आणि ४८वा लागोपाठ जिंकला. ५-३. पारडं फिरत होतं, आणि नेमकं तेव्हाच, फेब्रुवारी १९८५ मध्ये, फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष कॅम्पोमानेस यांनी खेळाडू थकल्याचं कारण देऊन लढत निकालाविना थांबवली. कास्पारोव्हला तर खेळायचं होतं! त्याच वर्षी नव्याने झालेल्या लढतीत जिंकून तो २२व्या वर्षी जगज्जेता झाला, पण नियम वरून कसे फिरवले जातात हे त्याने पाहून घेतलं होतं.

त्यामुळे त्याचं राजकारण निवृत्तीनंतर सुरू झालं असं म्हणणं बरोबर नाही. त्याची आई आर्मेनियन. जानेवारी १९९० मध्ये अझरबैजानमधल्या बाकूत आर्मेनियन लोकांवर हल्ले झाले, तेव्हा त्याला कुटुंबासह जन्मगाव सोडावं लागलं. त्याच वर्षी कार्पोव्हविरुद्धच्या लढतीत त्याने सोव्हिएत झेंड्याऐवजी रशियाचा तिरंगी झेंडा मागितला.

मार्च २००५ मध्ये, क्रमवारीत पहिला असतानाच, त्याने व्यावसायिक बुद्धिबळ सोडलं आणि विरोधकांची मोट बांधायला घेतली. मोर्चे काढले, अटक झाली. नोव्हेंबर २००७ मध्ये पाच दिवस कोठडीत होता. तिथे त्याला भेटायला कोण गेलं, तर कार्पोव्ह! भेट मिळाली नाही, पण जुन्या प्रतिस्पर्ध्याचं ते जाणं मला फार मोठं वाटतं. (हाच कार्पोव्ह २०११ पासून सत्ताधारी पक्षाचा खासदार आहे, याचं तितकंच वाईट वाटतं.)

२००८ च्या अध्यक्षीय निवडणुकीला कास्पारोव्ह उभा राहणार होता. अपक्षाला आधी किमान ५०० समर्थकांची सभा घ्यावी लागे. मॉस्कोसारख्या शहरात त्याला त्यासाठी एक सभागृह भाड्याने मिळेना, आणि डिसेंबर २००७ मध्ये त्याने माघार घेतली. त्याची उमेदवारी कुणी फेटाळली नाही, त्याच्यावर बंदीही घातली नाही. दारं फक्त उघडली नाहीत. तो म्हणतो ते ठरलेले निकाल असे जमवले जातात.

पुतिन राजकारणातला मोठा बुद्धिबळपटू आहे असं कुणी लिहिलं की कास्पारोव्ह चिडतो. पटावर दोघांनाही सगळं दिसत असतं. पुतिन खेळतो तो पोकर, हातात काही नसताना समोरच्याला घाबरवण्याचा. कास्पारोव्हचा खरा राग पाश्चात्त्य नेत्यांवर आहे, कारण ते घाबरले आणि पुतिनशी व्यवहार करत राहिले. क्रिमिया आणि युक्रेन पाहिल्यावर त्याचं हे म्हणणं मला पटतं.

एका बाबतीत मात्र मी त्याच्या बाजूने नाही. १९९३ मध्ये त्याने फिडेतून फुटून वेगळी संघटना काढली आणि जगज्जेतेपदाचे दोन तुकडे झाले, ते २००६ पर्यंत जुळले नाहीत. नियम सगळ्यांना सारखे हवेत म्हणणाऱ्याने हे करायला नको होतं. पुढे त्यानेही ती चूक मानली.

२०१३ मध्ये त्याने रशिया सोडला, आणि २०२४ मध्ये रशियाने त्याचं नाव दहशतवाद्यांच्या यादीत घातलं. युद्धात युक्रेनचा विजय झाल्याशिवाय रशियात लोकशाही येणार नाही, असं तो आता म्हणतो. मतपेटीवरचा त्याचा विश्वास का उडाला, हे त्या न मिळालेल्या सभागृहावरून समजतं.