पंखे वाढवूनही कॉम्प्युटर तापतो, कॅबिनेटचं झाकण काढून ठेवू का?

तुम्ही लिहिलंय की आणखी दोन पंखे लावले तरी गेम सुरू केला की प्रोसेसर ९० अंशांच्या वर जातो, तर बाजूचं झाकण कायमचं काढून ठेवावं का. मी ग्वाल्हेरला राहतो, लष्कर नावाच्या भागातल्या एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या आसपास असतो आणि माझं व्हिडिओ रेंडर (संपादित व्हिडिओची अंतिम फाइल बनवण्याचं काम) नेमकं दुपारीच चालतं, म्हणून तुमची काळजी मला कळते. झाकण कायमचं काढू नका. मात्र दहा मिनिटांपुरतं काढून बघा. तापमान आठ-दहा अंशांनी उतरलं, तर कॅबिनेटमध्ये हवा कोंडते आहे. फारसा फरक पडला नाही, तर दोष प्रोसेसरवरच्या हीटसिंकचा, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याचा: धूळ बसली असेल, दोघांमधली उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट वाळली असेल किंवा तो नीट टेकला नसेल.

हवा कोंडत असेल तर पंखे मोजू नका, हवेचा मार्ग तपासा. वाड्यात पुढचं दार आणि परसदार दोन्ही उघडी असली की वारा खेळतो, तसंच हे. पुढून गार हवा आत, मागून आणि वरून गरम हवा बाहेर. पंख्याच्या ज्या बाजूला मोटर धरून ठेवणाऱ्या दांड्या दिसतात, तिकडून हवा बाहेर पडते. नव्याने लावलेले दोन्ही पंखे या खुणेवरून तपासा. माझ्या कॅबिनेटचा मागचा पंखा दुकानातूनच उलटा बसून आला होता.

तो सुलटा केल्यावरही माझं भागलं नाही. मग मशीन चालू ठेवून पुढच्या जाळीपाशी उदबत्ती धरली आणि बाजूच्या काचेतून बघत बसलो. धूर आत शिरला, चार बोटं सरळ गेला आणि एकदम वर वळून कॅबिनेटच्या छताच्या पुढच्या पंख्यातून बाहेर! प्रोसेसरपर्यंत तो पोचतच नव्हता. मी तो पंखा काढला, ती जागा पुठ्ठ्याने बंद केली आणि छताचा मागचा पंखा तेवढा राहू दिला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तेच रेंडर लावलं, तर तापमान ६ अंशांनी कमी. तुमचेही नवे पंखे छताला असतील, तर आधी हेच करून बघा.

गेमचं म्हणताय म्हणजे ग्राफिक्स कार्ड मोठं असणार. अशी कार्डं २००-३०० वॉट उष्णता कॅबिनेटमध्येच सोडतात आणि ती वर चढून प्रोसेसरकडे जाते. म्हणून पुढचा एक पंखा खाली, कार्डाच्या पातळीला हवाच. पुढे अख्खी काच असेल, तर तिच्या कडेच्या फटींतून हवा पुरत नाही; जाळीचं पॅनेल मिळालं तर जरूर बदला.

आता धूळ. आमच्याकडे उन्हाळ्यात आंधी आली की बंद खिडकीतूनही टेबलावर थर बसतो. त्यामुळे आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवावी. मग फटींमधून धूळ ओढली जात नाही. हवा येते ती फिल्टरमधूनच. आंधीच्या दिवसांत मी फिल्टर दर पंधरवड्याला धुतो आणि पूर्ण वाळल्यावरच परत लावतो. पंखे ब्लोअरने साफ करताना वायर काढून ठेवा आणि पातं बोटाने धरा. भरधाव फिरू दिलं तर बेअरिंग खराब होतं. झाकण उघडं ठेवलं की ही सगळी मेहनत वाया जाते, म्हणून माझा त्याला विरोध आहे.

खोलीत पाण्याचा कूलर असेल तर त्याचा झोत कॅबिनेटवर मारू नका. इथलं पाणी जड आहे, झोताबरोबर तुषार उडतात आणि क्षार मागे राहतात. एका मित्राच्या मदरबोर्डवर पांढरी पुटं मी स्वतः पाहिली आहेत. कूलर खोलीच्या एका टोकाला, समोरची खिडकी उघडी आणि कॉम्प्युटर झोताच्या बाजूला, अशी मांडणी ठेवा.

शेवटी पुढच्या जाळीजवळ साधा थर्मामीटर टांगा आणि सकाळी व दुपारी एकच गेम चालवून दोन्ही आकडे लिहून ठेवा. पंख्यांना खोलीतली हवाच मिळते, तिच्यापेक्षा गार काही ते करू शकत नाहीत. खोली ३० वरून ४० वर गेली आणि प्रोसेसरही साधारण तेवढाच वाढला, तर कॅबिनेट आपलं काम नीट करतंय. मग पंख्यांवर पैसे न घालता दुपारी खिडकीला ओला वाळ्याचा पडदा लावा.